शाळेची बस : घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत मूल कोणाच्या हवाली?

एका पालकांनी विचारले आहे : "आमची मुलगी जूनपासून पहिलीत जाणार आहे. शाळेची बस कंत्राटदाराची आहे. शाळा म्हणते, बसचा व्यवहार पालक आणि कंत्राटदार यांच्यातला आहे. कंत्राटदार म्हणतो, थांब्यावर उतरवले की आमचे काम संपले. आमचा थांबा मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला येतो. नियम नेमके काय सांगतात, आम्ही काय तपासावे आणि मुलीला काय शिकवावे?"

मी बरीच वर्षे एका शाळेचा परिवहन विभाग सांभाळला आहे आणि शालेय परिवहन समितीच्या बैठकांनाही बसलो आहे. त्या अनुभवावरून हे सविस्तर उत्तर लिहीत आहे. शाळेचे म्हणणे बरोबर नाही आणि कंत्राटदाराचेही बरोबर नाही. या दोन्ही उत्तरांत जी एक फट राहते, तिच्याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. बसचे ब्रेक, टायर, पासिंग यांची काळजी घेतलीच पाहिजे. पण माझ्या पाहण्यात जे जीवघेणे किंवा जीवघेणे होता होता टळलेले प्रसंग आले, त्यांतले बहुतेक बस धावत असताना घडलेले नव्हते. मूल एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना, म्हणजे चढताना, उतरताना, रस्ता ओलांडताना आणि शाळेच्या आवारात बस रिकामी होताना ते घडले होते. म्हणून कोणत्याही वाहतूक व्यवस्थेला मी पहिला प्रश्न हा विचारतो, की घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर हे मूल कोणाच्या ताब्यात आहे, आणि त्या माणसाचे नाव सांगता येते का.

आता नियमांकडे वळू. आज आपल्याला ओळखीच्या वाटणाऱ्या बहुतेक अटींचे मूळ १९९७ सालात आहे. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून क्षमतेपेक्षा अधिक मुले भरलेली शाळेची बस यमुनेत कोसळली आणि दोन डझनांहून अधिक मुलांचा जीव गेला. त्यानंतर एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने शालेय बसविषयी आदेश दिले. बसच्या पुढे व मागे ती शाळेची बस असल्याचे ठळक लिहावे आणि भाड्याची असल्यास ती शाळेच्या कामावर असल्याचा फलक लावावा. खिडक्यांना आडवे गज, दारांना भरवशाचे कुलूप, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक आणि दप्तरांसाठी जागा असावी. शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक बसवर असावा. ताशी ४० किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवावा, असे त्यात होते. चालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा, सिग्नल तोडणे किंवा लेनची शिस्त मोडणे अशा गुन्ह्यांसाठी वर्षात दोनपेक्षा अधिक वेळा दंड झालेला चालक नको, आणि भरधाव, मद्यपान करून किंवा धोकादायकपणे वाहन चालवल्याबद्दल एकदा जरी दंड झाला असेल तरी तो चालक नको, ही अट मला सर्वांत मोलाची वाटते. ती तपासणे कागदावर सोपे असूनही फार थोड्या शाळा ती तपासतात. याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे, जी पालकांना सहसा माहीत नसते : मुलांच्या सुरक्षिततेची व्यवस्था पाहण्यासाठी पालक किंवा शिक्षक बसमधून प्रवास करू शकतात. आपण पहिल्या आठवड्यात एकदा सकाळी आणि एकदा दुपारी बसमधून जाण्याची लेखी परवानगी शाळेकडे मागा. दहा बैठकांत जे कळत नाही, ते एका फेरीत कळते.

महाराष्ट्रात शालेय बसविषयी स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले. त्यांनी केलेला मोठा बदल असा, की बस कोणाच्याही मालकीची असली तरी शाळेला हात झटकता येत नाहीत. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, परिसरातील पोलीस अधिकारी, मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण विभागाचा अधिकारी आणि बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी तिच्यात बसतात. बसची कागदपत्रे, थांबे, भाडे, मुलांची चढ-उतार हे तिचे विषय आहेत. शाळा आणि कंत्राटदार यांच्यात लेखी करार असावा लागतो. बसमध्ये मुली असतील तर महिला मदतनीस असणे आवश्यक आहे. तेव्हा "हा व्यवहार तुमचा आणि कंत्राटदाराचा" असे सांगणाऱ्या शाळेला आपण शांतपणे तीनच गोष्टी लेखी विचाराव्यात : परिवहन समितीची मागील बैठक कधी झाली, तिच्यावर पालकांचे प्रतिनिधी कोण आहेत आणि कंत्राटदाराशी झालेल्या कराराची प्रत पाहायला मिळेल का. उत्तर काय येते आणि किती दिवसांनी येते, यावरूनच शाळेची बसकडे पाहण्याची वृत्ती समजते.

वाहनाच्या तपासणीविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती तुलनेने सोपी आहे. शाळेच्या मालकीची असो वा कंत्राटदाराची, बस कायद्याने परिवहन वाहन ठरते आणि तिची नंबर प्लेट पिवळी असते. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन मुले नेणे बेकायदा आहे. बसचा क्रमांक एमपरिवहन ॲपमध्ये टाकला की योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या मुदती आपल्यालाही दिसतात. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाचे पासिंग दर दोन वर्षांनी, तर त्यापेक्षा जुन्या वाहनाचे दरवर्षी करून घ्यावे लागते. मे महिन्याच्या सुट्टीत आरटीओ शालेय बसची फेरतपासणी करते. ती झाली का, हे जूनमध्ये शाळेला विचारा. परवान्यावरील आसनसंख्येपेक्षा अधिक मुले घेतल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४अ प्रमाणे प्रत्येक अधिक प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे, शिवाय जादा प्रवाशांची दुसरी सोय होईपर्यंत गाडी पुढे नेता येत नाही. दंडाची रक्कम लहान वाटेल, पण बसमध्ये एक मूल जरी उभे दिसले तरी ती तक्रारीची बाब आहे, एवढे ध्यानात ठेवा. आणि आपण बसमध्ये चढाल तेव्हा संकटकालीन दार एकदा उघडून दाखवायला सांगा. गंजून बसलेले, किंवा समोर जादा आसन टाकून अडवलेले दार मी चांगल्या नावाच्या शाळांच्या बसमध्येही पाहिले आहे.

माणसांची बाब अधिक अवघड आहे. हरियाणातील महेंद्रगड जिल्ह्यात कनीना येथे ११ एप्रिल २०२४ रोजी, ईदची सुट्टी असतानाही सुरू ठेवलेल्या शाळेची बस उलटून सहा मुले मृत्युमुखी पडली. चालक दारू प्यालेला होता. त्याची अवस्था पाहून वाटेत काही गावकऱ्यांनी बसची किल्ली काढून घेतली होती आणि शाळेशी बोलणे झाल्यावर ती परत दिली, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. धोका ओळखणारी माणसे तिथे होती, त्यांनी योग्य पाऊलही उचलले होते, पण बस थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणाचा, हे ठरलेले नसल्यामुळे निर्णय फोनवर फिरला. म्हणून प्रत्येक शाळेने लेखी ठरवून ठेवले पाहिजे, की चालकाविषयी शंका आल्यास मदतनीस बस जागेवर थांबवू शकेल, शाळा पर्यायी चालक पाठवेल, आणि उशीर झाला म्हणून मदतनिसाला कोणी बोलणार नाही. मद्यतपासणीचे छोटे यंत्र शाळेच्या फाटकापाशी ठेवून सकाळी प्रत्येक चालकाची तपासणी करणे आता अनेक शाळांना सहज परवडू शकते.

मदतनीस, म्हणजे मुले ज्यांना मावशी किंवा ताई म्हणतात त्या, या साऱ्या व्यवस्थेचा कणा आहेत आणि दुर्दैवाने त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पगार तुटपुंजा, नेमणूक कंत्राटदाराची, प्रशिक्षण शून्य. त्यामुळे दर काही महिन्यांनी मावशी बदलतात आणि कोणते मूल कोणत्या घरी जाते, हे ज्ञान त्यांच्याबरोबर निघून जाते. शाळेने चालक आणि मदतनीस दोघांचीही पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी, दोघांना ओळखपत्र द्यावे आणि बदली माणूस आला तर त्याची माहिती त्याच दिवशी पालकांना कळवावी. मदतनिसाने चालकाशेजारी पुढच्या आसनावर बसू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यांची जागा दारापाशी किंवा मधल्या ओळीत असावी, जिथून मागची आसने दिसतील, कारण मोठ्या मुलांकडून होणारा त्रास, छेडछाड आणि मारामारी नेहमी शेवटच्या ओळीत घडते. मदतनीस हजर नसेल तर बस निघू नये. आणि लैंगिक छळाची शंका जरी आली तरी ती दाबून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे : बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना देणे शाळेवर, कंत्राटदारावर आणि आपल्यावरही बंधनकारक आहे. "आधी शाळेच्या पातळीवर चौकशी करतो" असे उत्तर मिळाले तर ते स्वीकारू नका. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक, दोन्ही मुलीला पाठ करून द्या.

आता आपल्या थांब्याविषयी, कारण आपल्या पत्रातील सर्वांत चिंतेची गोष्ट तीच आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि बसचे दार डाव्या बाजूला असते, त्यामुळे दारातून उतरताना मूल सहसा पदपथावर किंवा रस्त्याच्या कडेला उतरते. धोका त्यापुढे सुरू होतो. घर पलीकडे असेल तर मूल बसच्या पुढून किंवा मागून रस्त्यात येते, आणि दोन्हीकडे ते कोणालाही दिसत नाही. बसच्या अगदी पुढ्यात उभे राहिलेले सहा वर्षांचे मूल उंच आसनावर बसलेल्या चालकाच्या नजरेत येत नाही, आणि बसला उजवीकडून ओलांडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ते मूल बसच्या आडून एकदम समोर आल्यावरच दिसते. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दोन्ही बाजूंची वाहने थांबतात. आपल्या रस्त्यांवर अशी सवय नाही, आणि पालकांनी किंवा चालकांनी ती गृहीत धरणे फार घातक आहे.

म्हणून माझा सल्ला असा. पहिला प्रयत्न थांबा बदलून घेण्याचा करा : जाताना किंवा येताना, निदान एका फेरीत तरी बस आपल्या बाजूने जात असेल तर मार्गात थोडा बदल शक्य असतो. परिवहन समितीपुढे हा विषय लेखी गेला की कंत्राटदाराला निव्वळ डिझेलचे कारण पुढे करता येत नाही. बदल शक्यच नसेल तर पलीकडच्या बाजूला, बसच्या दारापाशी, घरातील प्रौढ माणूस उभा असला पाहिजे. रस्त्याच्या अलीकडे उभे राहून हात हलवणे नको. पालकांना पाहून मूल धावत सुटते, आणि नेमके तेच टाळायचे आहे. मुलीला उतरवून घेतल्यावर तिचा हात धरून बस निघून जाईपर्यंत थांबा. बस गेल्यावर रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा दिसतो, तेव्हाच ओलांडा. घाईने बसच्या पुढून जाण्यात अर्धा मिनिट वाचतो, तेवढ्यासाठी हा धोका पत्करू नये. पलीकडे कोणी पोहोचू शकत नसेल, तर मदतनिसाने बसमधून उतरून, मुलीचा हात धरून तिला रस्त्यापलीकडे घरच्या माणसाच्या हाती सोपवावे आणि ती परत येईपर्यंत चालकाने बस हलवू नये, असे करारातच लिहून घ्या.

पावसाळ्यात थांब्याचा विचार पुन्हा करावा लागतो. जूनमध्ये निश्चित केलेली जागा जुलैत तळे होते, मुले पाणी टाळण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभी राहतात, आणि रेनकोटच्या टोपीमुळे त्यांना बाजूचे दिसत नाही. कोकणात आणि विदर्भात नाल्यावरच्या पुलावरून पाणी वाहत असताना बस घालायची नाही, हा नियम चालकाला तोंडी सांगून पुरत नाही. त्या पुलाचे नाव लिहून, त्या दिवशी मुलांना कोणत्या मार्गाने आणायचे किंवा कुठे थांबवून ठेवायचे, हे जूनपूर्वीच ठरलेले असावे.

"थांब्यावर उतरवले की काम संपले" हे कंत्राटदाराचे वाक्य लहान मुलांच्या बाबतीत मुळीच मान्य करू नका. बालवाडीतील मूल घ्यायला शाळेने आणि पालकांनी मिळून ठरवलेली व्यक्ती आली नसेल तर त्याला परत शाळेत आणावे आणि पालकांना बोलवावे, असे शालेय वाहतुकीच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले आहे; पहिली-दुसरीच्या मुलांसाठीही तोच नियम पाळावा, असा माझा आग्रह असतो. आजी-आजोबा, शेजारच्या काकू, घरकामाच्या मावशी यांपैकी कोण मुलीला घेऊ शकते, त्यांची नावे, छायाचित्रे आणि फोन क्रमांक शाळेकडे द्या. बदल असेल तर त्या दिवशी दुपारपूर्वी शाळेच्या कार्यालयात लेखी कळवा. मुलीच्या हाती चिठ्ठी देऊन किंवा "आज मैत्रिणीकडे उतरणार आहे" असे तिलाच बसमध्ये सांगायला लावून नव्हे. बसमधील प्रत्येक मुलाचे नाव, इयत्ता, पत्ता, थांबा, रक्तगट आणि पालकांचा क्रमांक असलेली छापील यादी मदतनिसाकडे असावी. ती फक्त मोबाइलमध्ये असेल तर अपघाताच्या वेळी तो मोबाइल सापडेलच असे नाही.

याच हवाली करण्याच्या साखळीतली शेवटची कडी म्हणजे रिकामी बस. ११ सप्टेंबर २०२२ रोजी कतारमध्ये दोहा येथे केरळच्या कुटुंबातील चार वर्षांची मुलगी शाळेच्या बसमध्ये झोपून राहिली, कोणीही मागे पाहिले नाही, आणि बंद बसमधल्या उष्म्याने ती दगावली. त्याच महिन्यात जपानमध्ये शिझुओका प्रांतात तीन वर्षांच्या मुलीचा असाच अंत झाला. त्यानंतर जपानने एप्रिल २०२३ पासून अशा बसमध्ये मागे जाऊन तपासणी करायला भाग पाडणारी सूचक यंत्रे बंधनकारक केली. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पटींनी लवकर तापते. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत अर्धवट झोपेत बसमध्ये बसलेली मुले, आणि नागपूर-चंद्रपूरचा उन्हाळा, हे चित्र डोळ्यांपुढे आणले तर हा प्रश्न परदेशाचा राहत नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक फेरीनंतर मदतनिसाने शेवटच्या ओळीपर्यंत चालत जाऊन आसनांवर आणि आसनांखाली पाहावे, तसे केल्याची सही वहीत करावी, आणि चालकाने ती सही पाहिल्याशिवाय बसला कुलूप लावू नये. शाळेच्या बाजूनेही एक काम आहे : पहिल्या तासाची हजेरी झाली, की बसने आलेले पण वर्गात नसलेले मूल कोणते, हे कार्यालयाने पहिल्या अर्ध्या तासात ताडून पाहावे आणि घरी फोन करावा. कोणत्याही महागड्या यंत्राआधी मी शाळांना हा फोन सुरू करायला सांगतो. जीपीएसवर बस कुठे आहे ते दिसते. मूल बसमध्ये आहे की नाही, ते दिसत नाही.

मुलीला काय शिकवावे, हे विचारलेत. सहा वर्षांच्या मुलीकडून किती अपेक्षा ठेवायची, याचे भान ठेवून थोड्याच गोष्टी शिकवा, पण त्या जागेवर नेऊन, प्रत्यक्ष करून दाखवा. बस येताना रस्त्याच्या कडेपासून तीन मोठी पावले मागे उभे राहायचे आणि बस पूर्ण थांबून मावशींनी बोलावल्याशिवाय पुढे जायचे नाही. चढताना-उतरताना एक हात दांडीवर हवा, म्हणून दोन्ही हातांत सामान नको. डबा आणि पाण्याची बाटली दप्तरातच ठेवायची. दप्तराचे लोंबणारे पट्टे, ओढणी, रेनकोटची दोरी दारात अडकते आणि बस निघाली तर मूल ओढले जाते, म्हणून ते सारे आवळून घेऊन पाठवा. आणि सर्वांत महत्त्वाचे : बाटली, पेन्सिल, चेंडू, काहीही बसखाली किंवा बससमोर पडले तरी ते उचलायला वाकायचे नाही, मावशींना सांगायचे. "वस्तू गेली तरी आई रागावणार नाही" हे आपण तिला मनापासून आणि वारंवार सांगितले पाहिजे, कारण मुले बसखाली वाकतात ती बहुतेक वेळा घरच्या बोलण्याच्या भीतीने. बसमध्ये पट्टा असेल तर बांधायचा, नसेल तर पाठ टेकून बसायचे, डोके आणि हात गजाबाहेर काढायचे नाहीत, धावत्या बसमध्ये खायचे नाही. अंगाला कोणी हात लावला, आपल्याला आवडले नाही, किंवा कोणी "घरी सांगू नकोस" म्हणाले, तर ते घरी सांगायचेच, हेही याच वयात शिकवा.

मोठ्या मुलांची जबाबदारी वेगळी आहे. सातवी-आठवीनंतरच्या मुलांनी लहानांना पुढची आसने द्यावीत, त्यांना रांगेत उतरू द्यावे आणि वर्षातून निदान दोनदा संकटकालीन दारातून बाहेर पडण्याचा सराव करावा. चालक किंवा मदतनीस बेशुद्ध पडले तर कोणी काय करायचे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे. शिस्तभंग झाला तर त्याची नोंद, पालकांना सूचना आणि शेवटी काही दिवस बस बंद, असा क्रम शाळेने लिहून ठेवावा. शिक्षा म्हणून मुलाला वाटेत उतरवून देणे मात्र कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. असे करणाऱ्या चालकाला त्याच दिवशी कामावरून दूर करावे.

पालकांच्या बाजूने होणारी एक चूक इतकी सार्वत्रिक आहे, की ती वेगळी सांगावी लागते. बसला पाच मिनिटे उशीर झाला की आपण चालकाला फोन करतो. हातात मोबाइल घेऊन वाहन चालवणे हे कायद्याने धोकादायक वाहनचालनात मोडते, आणि तीस पालकांचे तीस फोन बसमधील आपल्याच मुलांना धोक्यात घालतात. उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे २६ एप्रिल २०१८ रोजी शाळेच्या व्हॅनला रेल्वे फाटकावर गाडीने धडक देऊन तेरा मुले गेली, तेव्हा चालकाच्या कानांत इअरफोन होते, असे समोर आले होते. चालकाचा क्रमांक आपल्याकडे असूच नये. मदतनिसाचा आणि शाळेच्या परिवहन प्रमुखाचा असावा.

बस परवडत नाही म्हणून रिक्षा किंवा व्हॅनने मुले पाठवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. परंतु तीन प्रवाशांच्या परवान्याच्या रिक्षात आठ-दहा मुले, चालकाच्या आसनावर दोघे, बाहेर लटकलेली दप्तरे, ही व्यवस्था मी कोणालाही सुचवू शकत नाही. व्हॅन घ्यावीच लागली तर पिवळी प्लेट, मुदतीतला विमा आणि योग्यता प्रमाणपत्र, आसनांइतकीच मुले आणि आतून मुलांना उघडता न येणारे दार एवढे तरी पाहा. घरगुती गॅसच्या टाकीवर चालणाऱ्या गाडीत मुलाला एकदाही बसवू नका. चार-पाच पालक एकत्र आले तर कायदेशीर वाहनाचा खर्च वाटून घेता येतो. ग्रामीण भागात तर पुष्कळ मुले एसटीने शाळेत जातात. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस आहेत. तिथे मदतनीस नसतो. म्हणून थांब्यावर आणि स्थानकावर चढताना होणारी रेटारेटी रोखायला गावातील दोन पालकांनी आळीपाळीने उभे राहणे, ही व्यवस्था ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत ठरवून घ्यावी.

शेवटी, शाळा ऐकतच नसेल तर काय, याविषयी. प्रथम मुख्याध्यापकांना परिवहन समितीचे अध्यक्ष म्हणून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात भावना कमी आणि तपशील अधिक असू द्या : बसचा क्रमांक, मार्ग, तारीख, वेळ, थांबा, काय घडले, कोण हजर होते आणि आपण नेमके काय मागत आहात, जसे की थांबा बदलणे, मदतनिसाने मुलीला हाती सोपवणे, रिकाम्या बसच्या तपासणीची वही. आठ-दहा पालकांच्या सह्या असतील तर उत्तम. उत्तर न आल्यास तेच पत्र आरटीओ कार्यालयाला, शिक्षणाधिकाऱ्यांना आणि शालेय बस सुरक्षितता समितीला पाठवा. या समितीचे अध्यक्ष शहरात पोलीस आयुक्त, तर जिल्ह्यात पोलीस अधीक्षक असतात. मदतनिसाविना निघालेली बस, उभी मुले किंवा चालकाची संशयास्पद अवस्था यांसारख्या तातडीच्या गोष्टींसाठी पत्राची वाट पाहू नका. त्या क्षणी मुलीला बसमध्ये चढवू नका, ११२ वर फोन करा आणि बसचा क्रमांक सांगा.